डावीकडून चौथे

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत चष्म्याचं दुकान आहे, आणि त्याच्या डोक्यावर, अरुंद जिना चढून गेलं की, फोटो स्टुडिओ. बाहेरच्या खोलीत मालक फोटो काढतात. आतल्या खोलीत, खिडकीला काळा कागद चिकटवून केलेल्या अंधारात, कॉम्प्युटरपुढे जो बसतो त्याला सगळी पेठ टचिंगवाला म्हणते. मिटलेले डोळे उघडायचे, सुटलेली पोटं आत ढकलायची, नवरीच्या कपाळावरची पुटकुळी घालवायची, हे त्याचं रोजचं काम. माणूस भलताच शांत. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून ‘अजून जरा उजळ करा’ म्हणत राहिलं तरी हा ‘बरं’ म्हणायचा, होतं तसंच ठेवायचा, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जिना उतरायचं.

पण त्याची खरी कारागिरी दोनच कामांत. एक, फोटोतलं माणूस काढणं. दुसरं, फोटोत नसलेलं माणूस आणणं. काढायला बहुतेक जावई असायचे, सोडचिठ्ठी झालेले. मालक म्हणायचे, मेलेल्याला आणणं सोपं, जिवंत जावयाला काढणं अवघड. कारण जावयाचा हात कुणा ना कुणाच्या खांद्यावर असतोच, आणि जावई गेला तरी हात मागे उरतो. आणायला मात्र मेलेलेच असत. लग्नाआधी सहा महिने गेलेली आजी, नातवाचं तोंड न पाहता गेलेला काका. महिन्याला पाच-सहा तरी अशी कामं येत, आणि तो ती मन लावून करी. आधी घरच्यांना विचारी: उंची केवढी होती, ओठ मिटून हसत की दात दाखवून, माणसांत उभे राहिले की पुढे पुढे करत की मागे राहत. मग सावल्या जुळवत बसे. सावली चुकली की मेलेला मेलेलाच दिसतो, असं त्याचं म्हणणं. त्याने उभं केलेलं माणूस शोधून काढायला कुणाच्या बापाला जमलं नसतं.

आणि याच हाताने त्याचा घात केला, ही ती सगळी गोष्ट.

त्याचे वडील टपाल कचेरीत होते. एका सकाळी दाढी करता करता गेले. गालावर साबण तसाच. त्यानंतर दीड वर्षाने याचं लग्न झालं. मुलगी पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला होती, शिकलेली, याच्यापेक्षा बरीच जास्त शिकलेली, आणि तिने याला पसंत केला तेव्हा निम्मी पेठ तोंडात बोट घालून बसली. नोंदणी कचेरीत सह्या झाल्या, मग एका सभागृहात चाळीस माणसं जेवली, आणि मालकांनी स्वतः फोटो काढले. झालं. पण फोटो घरी आले तशी आई ते हातात घेऊन बसायची आणि काही न बोलता खाली ठेवायची. एका रविवारी सकाळी मात्र बोलली.

“जगाची माणसं आणून उभी करतोस. आपल्या घरचं तेवढं बाहेर ठेवलंस.”

त्याच दिवशी त्याने स्टुडिओची किल्ली मागून घेतली. नवी बायको सोबत गेली, शेजारच्या स्टुलावर बसली. मावसबहिणीच्या लग्नातला वडिलांचा एक फोटो होता, तपकिरी कोटातला. त्यांना त्याने सगळ्यांच्या उजव्या टोकाला, आपल्याच शेजारी उभं केलं. उजेड जुळवला, कोटाचा रंग जरा उतरवला, बुटांखाली फरशीवर सावली टाकली. लग्न ठरायच्या आधी, ते असताना, बायको वडिलांना दोनदाच भेटली होती, पण तिने नीट लक्षात ठेवलं होतं. ती म्हणाली, नुसते उभे नकोत, त्यांचा हात तुझ्या खांद्यावर ठेव, ते तसेच बोलायचे माझ्याशी, तुझ्या खांद्यावर हात ठेवून. त्याने ठेवला. तो हात जमवायला दोन तास गेले, आणि ती तेवढा वेळ त्याला वडिलांबद्दल विचारत राहिली. त्याला पुढे वाटायचं, लग्न खरं त्या दिवशी झालं.

आईने तो फोटो भिंतीवर लावला. पहिल्यांदा रडली. मग हळूहळू आल्यागेल्याला दाखवू लागली, हे बघा, हे आमचे, लग्नात कसे उभे आहेत. नातेवाईक मान डोलवायचे. म्हातारीचं मन कोण मोडणार? सांगता सांगता आई ते खरंच मानायला लागली, आणि ऐकता ऐकता घरातले बाकीचेही. रोज जाता-येता वडील खांद्यावर हात ठेवून उभे दिसायचे. ते तिथे नव्हते, हे आठवायचं कुणाला कारणच उरलं नाही.

आता व्हिसाकडे येऊ.

बायकोला पुढे शिकायचं होतं, परदेशात. तिला एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. दोघं आनंदाने नियम वाचायला बसले तर नियमात खोच निघाली. शिकायला गेलेल्याला जोडीदार बोलावता येतो खरा, पण वर्षाच्या अभ्यासक्रमाला नाही; संशोधन करणाऱ्यालाच. संशोधन चार वर्षांचं. तिला एवढं शिकायची हौस नव्हती. वर्षभर शिकून परत येऊन आपल्याच प्रयोगशाळेत वरच्या जागेवर बसायचं, एवढाच बेत होता. पण वर्षभर एकमेकांवाचून कसं राहायचं? नवीनच लग्न झालेलं. तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं: चार वर्षांचं घ्यायचं, म्हणजे त्याला नेता येईल. एक वर्ष लांब राहायला नको म्हणून चार वर्षांचा करार केला. शहाण्या माणसांचं डोकं कधी कधी असं चालतं, आणि त्या वेळी ते अगदी बिनतोड वाटतं.

ती आधी गेली. त्याचा अर्ज लगेच करता येईना. विद्यापीठाने दिलेली खोली एकटीची होती, तिथे नवऱ्याला ठेवायला परवानगी नाही, आणि दोघांची राहायची सोय दाखवल्याशिवाय अर्ज नाही. मग तिने बाहेर खोली शोधली. ती मिळायलाच आठ महिने गेले, कारण विद्यार्थिनीला कुणी खोली देईना. जे देत होते त्यांना नवरा नको होता. शेवटी एका छापखान्याच्या वर मिळाली. करारावर दोघांची नावं. तिच्या खिडकीतून कचऱ्याच्या तीन पेट्या दिसतात, जिन्याची सातवी पायरी वाजते, नळाला गरम पाणी यायला मिनिट लागतं, हे सगळं त्याला इथे बसून पाठ झालं. तिच्याच रस्त्यावर जुने फाटलेले फोटो नीट करून देणारं एक दुकान होतं. तिने आत जाऊन विचारलं. दुकानदार म्हातारा होता, त्याचे डोळे थकले होते, तो म्हणाला, नवरा आला की घेऊन ये, हात बघू. त्या दिवशी ती फोनवर इतकी भरभर बोलत होती की त्याला निम्मं कळलंच नाही, पण तोही खुळ्यासारखा हसत होता. रोज दुपारी दीडला, मालक जेवायला गेले की, तिचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची. त्या अर्ध्या तासात दोघं कितीदा त्या खोलीत राहून आले असतील!

मग अर्ज. पेठेत एक फॉर्मवाला होता, टायपिंगच्या क्लासशेजारी, टेबलाएवढ्या जागेत बसणारा. शेकडो माणसं बाहेर पाठवल्याचं सांगायचा. परत किती आली ते सांगत नसे. त्याने यादी दिली. तिचं विद्यार्थी असल्याचं पत्र, तिच्या व्हिसाची उरलेली मुदत, खोलीचा करार, खात्यात ठरावीक रक्कम ठरावीक दिवस हात न लावता पडून असल्याचा दाखला, छातीची तपासणी, लग्नाचा दाखला आणि त्याचं शिक्क्यासकट भाषांतर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लग्न खरं असल्याचे पुरावे. कागदावर लग्न करून माणसं आत घुसतात, म्हणून तिकडचे अधिकारी प्रत्येक जोडप्याकडे संशयाने बघतात, असं त्याने समजावलं. फोटो द्या, बारा तरी द्या, घरच्यांबरोबरचे द्या. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि कोण कोण आहे ते लिहा. कागद मागितला नसला तरी जोडा. जास्तीचा कागद कधी कुणाला नडला नाही, हा त्याचा मंत्र होता. घर आईच्या नावावर कसं आलं ते दिसावं म्हणून त्याने वडिलांच्या मृत्यूचा दाखलाही जोडायला लावला.

फोटो निवडायला टचिंगवाला तीन संध्याकाळी बसला. दुसऱ्या कुणी भराभर बारा उचलून दिले असते. पण हा पडला कारागीर. एकात बायकोचे डोळे अर्धे मिटलेले, काढला बाजूला. एकात मागे वाढप्याचा हात आला होता, तोही बाजूला. एक हललेला, एक अंधारा. मूळचा घरच्यांचा फोटो, वडिलांशिवायचा, त्याच्या हाताशी होता. पण त्यात उजवीकडे रिकामी जागा सुटलेली, चौकट एका बाजूला कललेली. असला फोटो कुणी परक्या सरकारला पाठवतं का? त्याने भिंतीवरचा पाठवला. सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात भरलेला, आणि घर म्हणून दाखवावं असा तोच होता. मागे सुरेख अक्षरात लिहिलं: लग्नाचा दिवस, डावीकडून माझ्या सासूबाई, आई, पत्नी, चौथे माझे वडील, पाचवा मी. एवढं लिहून झाल्यावर त्याला क्रम चुकल्याचं दिसलं. तेव्हा तो पुन्हा मोजायला लागला, डावीकडून उजवीकडे, बोट ठेवून. सासूबाई कडेला बसलेल्या होत्या, त्या मोजायच्या की नाही? त्यांना वेगळ्या ओळीत घेतलं. मग नवा कागद चिकटवून लिहिलं: उभे, डावीकडून पहिली आई, दुसरी पत्नी, तिसरा मी, चौथे माझे वडील. क्रम चुकू नये म्हणून एवढी काळजी! त्यातलं चौथं माणूस त्या दिवसाच्या दीड वर्ष आधी गेलेलं आहे, हे मोजताना त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. बायकोनेही तिकडून सगळे फोटो एकेक करून पाहिले आणि म्हणाली, छान आहेत. फॉर्मवाल्याने पाहिले आणि म्हणाला, एक नंबर.

नऊ आठवडे गेले. निकाल आला तो दुपारी सव्वाला, मालक जेवायला निघता निघता. त्याने तो उभ्याने वाचला. अर्ज नाकारला होता. कारण लिहिलं होतं: अर्जदाराने जोडलेल्या मृत्यूच्या दाखल्यानुसार त्याचे वडील विवाहाआधी अठरा महिने वारले, तरीही विवाहाच्या दिवशीच्या छायाचित्रात ते उपस्थित दाखवले असून अर्जदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात त्यांची ओळख दिली आहे. सबब छायाचित्र बनावट आहे. बनावट कागद देऊन फसवणुकीचा प्रयत्न केल्याबद्दल पुढील दहा वर्षं अर्जदाराचा कोणताही अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

आता गंमत बघा, गंमत म्हणायची तर. पहिलं अर्धं मिनिट तो चिडला. काय मूर्ख लोक आहेत, बाबा होते की लग्नाला! त्याला ते खरोखर आठवत होतं. खांद्यावरच्या हाताचं वजनही आठवत होतं. मग त्याची नजर शेजारच्या रिकाम्या स्टुलावर गेली आणि तो हात जमवायला लागलेले दोन तास आठवले.

दीडला फोन आला. त्याने तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हात तर मीच ठेवायला सांगितला होता.

फॉर्मवाला म्हणे, अहो, पण मला सांगायचं नाही का आधी! जसं काही हा जाणूनबुजून लपवत होता. मग त्यानेच सांगितलं, फेरतपासणी मागता येते. मागू या. खरं ते सगळं लिहून देऊ. आणि त्यांनी खरंच सगळं लिहून दिलं. वडिलांशिवायचा मूळ फोटो जोडला. आमच्या स्टुडिओत अशी कामं नेहमीच होतात, लोक प्रेमापोटी करून घेतात, यात कुणाला फसवायचा हेतू नसतो, आणि हा आमच्याकडचा सगळ्यात कसबी माणूस आहे, असं मालकांनी आपल्या शिक्क्यानिशी पत्र दिलं. मालकांचा जीव तुटत होता, पत्र लिहिताना त्यांनी तीन कागद फाडले. आपल्या माणसाची तारीफ कमी पडायला नको, असं त्यांना वाटत होतं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. मूळ छायाचित्र पाहता आधीच्या छायाचित्रात बदल केला होता हे आता अर्जदाराच्याच पुराव्याने सिद्ध झालं आहे. तसंच मालकाच्या पत्रावरून अर्जदार अशा कामात निष्णात असल्याचं दिसतं, त्यामुळे उरलेल्या अकरा छायाचित्रांवरही विश्वास ठेवता येत नाही. विवाह खरा असल्याबद्दल समाधान होत नाही. निर्णय कायम.

आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. मालक दोन दिवस त्याच्या नजरेला नजर देईनात. त्याला तर मालकांचा रागही येईना. राग कुणाचा धरायचा? त्या अधिकाऱ्याचा? त्याने आपलं काम चोख केलं होतं. आजवर एवढ्या लोकांनी फोटो पाहिले, त्यात बरोबर चूक काढणारा तोच एक भेटला, आणि तीही फोटोवरून नाही, तारखेवरून. दहा वर्षं म्हणजे तो त्रेचाळिसाचा आणि ती चाळिशीची. संशोधन स्वतःहून मध्येच सोडावं तर मिळालेल्या शिष्यवृत्तीचे सगळे पैसे परत करायची अट आडवी. न सोडावं तर अजून तीन वर्षं ती तिथे आणि हा इथे. वर्षाकाठी एकदा येऊ शकली तर तीन आठवडे. लग्न झाल्यापासून दोघं एका छपराखाली एकशे चार दिवस राहिले होते. हे तिने मोजलं होतं, त्याने नाही.

आईला त्याने खरं सांगितलंच नाही. काय सांगणार? तुझ्या रविवारच्या एका वाक्यापायी झालं म्हणून? तिला सांगितलं की तिकडे गर्दी फार आहे, वेळ लागतोय. ती रोज सकाळी फोटो पुसायची आणि वडिलांना म्हणायची, तुम्हीच घाला आता लक्ष, पोराला तिच्यापाशी पोचवा. तो शेजारच्या खोलीत चपला घालत असायचा. एकदा त्याला वाटलं, जावं आणि भिंतीवरून ते काढून गच्चीत जाळावं. मग आईला काय उत्तर द्यायचं ते सुचेना, म्हणून जिना उतरून कामावर गेला. त्या आठवड्यात मेलेल्यांची तीन कामं आली होती. त्याने ती मालकांना परत करायला सांगितली. नंतर कधीच घेतली नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी माणसाने दगड ठेवला असता छातीवर. पण महिनाभराने तिला पत्र आलं, तिच्या नावाने. अर्जात जोडीदाराला बोलावणारी म्हणून तिची सही होती. बनावट छायाचित्राची तिला कल्पना होती का, याचा लेखी खुलासा शुक्रवारपर्यंत द्यावा. समाधानकारक नसल्यास तिचा विद्यार्थी व्हिसाही रद्द होऊ शकतो आणि तोच शेरा तिच्याही नावावर पडेल. ती परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीतल्या बाईंकडे गेली. बाई मायाळू होत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, काय लिहायचं ते मी सांगू शकत नाही. पण मला माहीत नव्हतं असं ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांना आजवर कुणी हात लावलेला नाही.

हे तिने बुधवारी दीडच्या फोनवर सांगितलं. आतल्या खोलीत तो एकटाच होता. शांतपणे सांगत गेली, आणि शेवटी म्हणाली, “मी नाही लिहिणार तसं. मला माहीत होतं. शेजारी बसून केलंय आपण. काढतील तर काढू देत. येते मी घरी.”

 खरं सांगायचं तर त्याला आधी आनंदच झाला. बस, आता काही बोलायचंच नाही! फक्त गप्प राहायचं. ती खुलासा देणार नाही, तिकडून हाकलतील, महिन्याभरात या जिन्यावर तिचं पाऊल वाजेल. दहा वर्षं नाहीत, तीन वर्षं नाहीत, एक महिना. त्याला ती हवी होती. दुसरं काहीही नको होतं त्याला, ती भेटल्यापासून नव्हतं. तिकडे तीही थांबली होती. ‘ये’ एवढं एक अक्षर त्याने उच्चारलं असतं तर तिने त्या पत्राकडे पुन्हा पाहिलं नसतं, हे दोघांनाही कळत होतं.

पण फसवणुकीचा शेरा घेऊन आलेल्या बाईला पाण्याच्या प्रयोगशाळेत कोण उभं करणार? सरकारी नोकरी ती. तिथे एक एक कागद तपासतात. दुसऱ्या देशाचं दार लागलं, घरचं लागलं, मग राहिलं काय? घरी बसेल. आईबरोबर तो फोटो पुसेल. याला कधी एका शब्दाने बोलणार नाही, आणि ते न बोलणं तो जन्मभर ऐकत राहील. 

“कागद घे,” तो म्हणाला.

“कशाला?”

“घे तर. मी सांगतो तसं लिही. मग तिकडच्या भाषेत कर.”

ती नको म्हणाली, मग चिडली, मग रडली. तो थांबला. तिचं रडणं ओसरल्यावर त्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि मग गिऱ्हाइकाला विचारावं तशा सावकाश आवाजात एकेक वाक्य सांगत गेला. छायाचित्रं माझ्या नवऱ्याने निवडली आणि पाठवली. त्यांतल्या एकात बदल केल्याचं मला माहीत नव्हतं. मी त्याच्या वडिलांना ओळखत नव्हते. इथे ती थांबली. दोनदा भेटले होते रे, म्हणाली. तो म्हणाला, लिही. तिने लिहिलं. त्याने मला याबद्दल कधीही सांगितलं नाही. हे कळल्यावर मला धक्का बसला.

मग तिने सगळं वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आला.

“‘माझ्या नवऱ्याने’ नको. ‘अर्जदाराने’ लिही.”

“का?”

“नवरा म्हटलंस की त्यांना वाटेल, माझ्या बाजूने बोलतेयस.”

पेनने खोडल्याचा आवाज आला. मग तिने दुरुस्त करून पुन्हा वाचलं, सुरुवातीपासून, कुणा दुसऱ्याचा कागद वाचावा तशा आवाजात. तो म्हणाला, बरोबर आहे, पाठव. शुक्रवारची वाट बघू नकोस.

तिने पाठवलं. दोघंही फोन धरून होते. शेवटी तिनेच विचारलं, उद्या दीडला करू ना फोन? तो म्हणाला, कर की, त्यात काय विचारायचं. पण फोन ठेवल्यावर, उद्या बोलायचं कशाबद्दल ते त्याला सुचेना. आजवर ते दोघं फक्त तो तिकडे गेल्यावर काय करायचं एवढंच बोलत आले होते.